हलका वायू, जड वायू आणि शेगडीचा जेट

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या वार्षिकात रसायनशास्त्राच्या नियमाला जागा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. माझे उत्तर साधे आहे. हा नियम मला प्रयोगशाळेत भेटला नाही, शेगडीत भेटला. आणि शेगडी नसलेले घर दहिसरमध्ये मला तरी ठाऊक नाही. शिवाय हा नियम समजून घेण्यास वर्गमूळापलीकडचे गणित लागत नाही, आणि वर्गमुळे आपण सर्वांनीच शालान्त परीक्षेपर्यंत काढलेली आहेत.

नियम असा आहे : तापमान आणि दाब सारखे असताना वायूचा बाहेर पडण्याचा किंवा पसरण्याचा वेग त्याच्या रेणुभाराच्या वर्गमूळाशी व्यस्त प्रमाणात असतो. रेणुभार हा शब्द जुन्या क्रमिक पुस्तकांतला. हल्लीच्या पुस्तकांत 'मोलर वस्तुमान' म्हणतात. ठरावीक संख्येचे रेणू, म्हणजे एक मोल रेणू, एकत्र घेतले तर त्यांचे वस्तुमान किती ग्रॅम भरते, तो हा आकडा. हायड्रोजनचा २, मिथेनचा १६, नायट्रोजनचा २८, ऑक्सिजनचा ३२, प्रोपेनचा ४४ आणि ब्यूटेनचा ५८. हवा हे मिश्रण असल्याने तिची सरासरी काढावी लागते. ती सुमारे २९ येते. हा २९ चा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. ज्या वायूचा आकडा याहून कमी तो हवेपेक्षा हलका, ज्याचा अधिक तो जड. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन आहे, तर सिलिंडरमधला गॅस हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण आहे. म्हणजे एकाच मजल्यावरील दोन स्वयंपाकघरांत एकीकडे हवेहून हलका आणि दुसरीकडे हवेहून जड वायू जळत असतो.

आता वर्गमूळ कोठून आले? वायूचे रेणू सतत धावत असतात. तापमान सारखे असेल तर कोणत्याही वायूच्या रेणूची सरासरी गतिज ऊर्जा सारखीच असते, मग तो हायड्रोजन असो वा क्लोरीन. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ऊर्जा सारखी ठेवायची तर जो हलका त्याने जोरात धावले पाहिजे. परंतु सूत्रात वेगाचा वर्ग असल्यामुळे वस्तुमान चौपट झाले तरी वेग निम्माच होतो, पाव होत नाही. ऑक्सिजन हायड्रोजनच्या सोळापट जड, म्हणून हायड्रोजनचा रेणू ऑक्सिजनच्या चौपट वेगाने धावतो. सोळापट वेगाने नव्हे.

हे वेग प्रत्यक्षात किती, हे वाचून मी थक्क झाले. २७ अंश सेल्सिअस तापमानाला मिथेनच्या रेणूचा वेग सेकंदाला सुमारे ६८० मीटर, तर ब्यूटेनचा सुमारे ३६० मीटर असतो. कोणी आडवे आले नाही, तर मिथेनचा रेणू दहिसरहून चर्चगेटला एका मिनिटाच्या आत पोहोचेल आणि ब्यूटेनचा पावणेदोन मिनिटांत. आपली जलद लोकल याच अंतराला किती वेळ घेते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

'कोणी आडवे आले नाही तर' हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. शेजारच्या घरात फोडणी पडली की तिचा वास आपल्याकडे येण्यास काही क्षण लागतात. दारे-खिडक्या बंद असतील तर बराच वेळ लागतो. रेणू जर सेकंदाला शेकडो मीटर धावतात, तर वास तत्क्षणी का येत नाही? ही शंका डच शास्त्रज्ञ बॉइस-बॅलट यांनीच काढली होती, आणि जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस यांनी १८५८ मध्ये तिला उत्तर दिले. रेणू वेगाने धावतो खरा, पण हवेत त्याला मिलिमीटरच्या सुमारे चौदा हजाराव्या भागाएवढेच अंतर मोकळे मिळते. तेवढ्यात दुसऱ्या रेणूची टक्कर होते आणि त्याची दिशा बदलते. अशा टकरी सेकंदाला काही अब्ज होतात. सकाळी नवाच्या सुमारास बोरिवली स्थानकाच्या पुलावर कितीही चपळ माणूस असला तरी तो गर्दीच्याच चालीने पुढे सरकतो, तसा हा प्रकार आहे.

म्हणून शास्त्रात दोन निराळे शब्द आहेत. पोकळीकडे उघडणाऱ्या अतिसूक्ष्म छिद्रातून रेणू एकेकटा, कोणाशी टक्कर न होता बाहेर पडतो, त्याला निःसरण म्हणतात. एक वायू दुसऱ्या वायूत टकरा खात मिसळत जातो, त्याला विसरण म्हणतात. वर्गमूळाचा नियम निःसरणाला तंतोतंत लागू पडतो. मोकळ्या हवेतील विसरणात मात्र ज्यात मिसळायचे त्या वायूचाही विचार करावा लागतो, रेणूंचा आकारही मध्ये येतो, आणि साधे वर्गमूळ केवळ अंदाजापुरते उरते. मार्गदर्शक पुस्तकांत हे दोन्ही शब्द एकाच ओळीत उरकलेले दिसतात, ते मला पटत नाही.

नियमाचा जनक टॉमस ग्रॅहॅम. त्याचा जन्म १८०५ साली ग्लासगो येथे झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी कापडाच्या धंद्यातील वडिलांची इच्छा होती. मुलाने रसायनशास्त्र धरले. वडिलांनी मदत आखडती घेतली, तेव्हा शिकवण्या आणि व्याख्याने यांवर त्याने दिवस काढले. पुढे तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला आणि १८५५ पासून १८६९ मध्ये मृत्यू येईपर्यंत इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख होता. (माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. कोणता विषय घ्यावा याबद्दल वडिलांनी अवाक्षरही काढले नाही, ही गोष्ट ग्रॅहॅमचे चरित्र वाचताना मला विशेष जाणवली.)

ग्रॅहॅमच्या आधी, १८२३ मध्ये, जर्मनीत डोबरायनर या रसायनशास्त्रज्ञाला एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. पाण्यावर उपड्या ठेवलेल्या काचेच्या भांड्यात त्याने हायड्रोजन साठवला होता. भांड्याला बारीक तडा होता. काही तासांनी पाहतो तो भांड्यातले पाणी वर चढलेले! तड्यातून हवा आत येत होती हे खरे, पण त्याहून कितीतरी अधिक हायड्रोजन बाहेर जात होता आणि रिकाम्या झालेल्या जागेत पाणी चढत होते. ग्रॅहॅमने हा तडा स्वतः बनवला, असे म्हटले तरी चालेल. काचेच्या नळीचे एक तोंड त्याने प्लॅस्टर ऑफ पॅरिसच्या बुचाने बंद केले. गणेशमूर्तींच्या वादामुळे आपल्याला पीओपी म्हणून परिचित असलेला हाच तो पदार्थ. वाळल्यावर त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. नळीत एकेक वायू भरून तो किती गेला आणि त्याच्या बदल्यात किती हवा आली, हे त्याने मोजले. १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हवेचा वेग १ धरून हायड्रोजनचा आकडा त्याने ३.८३ दिला आहे, आणि मिथेनचा १.३४४. आता २९ भागिले २, त्याचे वर्गमूळ काढून पाहा : ३.८१ येते. २९ भागिले १६ चे १.३४६. एका तरुण मास्तराने प्लॅस्टरच्या बुचावर काढलेले हे आकडे आहेत!

याच वर्गमूळाचा पुढे भयंकर उपयोगही झाला. युरेनियमचे २३५ आणि २३८ असे दोन प्रकार फ्लोरिनशी संयोग पावून वायुरूप झाले की त्यांचे रेणुभार ३४९ आणि ३५२ होतात. वेगांतील फरक हजारात जेमतेम चार. तरीही सच्छिद्र पडद्यांतून हा वायू सुमारे तीन हजार टप्प्यांनी पुनःपुन्हा गाळून, अमेरिकेतील ओक रिज येथील प्रचंड कारखान्यात १९४५ साली हलके युरेनियम वेगळे काढण्यात आले.

फुग्याचे उदाहरणही येथे नेहमी दिले जाते. जत्रेतला गॅसचा फुगा दुसऱ्या दिवशी मलूल होतो, कारण हलका वायू रबराच्या छिद्रांतून लवकर निसटतो, असे सांगतात. दिसायला हे बरोबर वाटते. पण १८६६ मध्ये खुद्द ग्रॅहॅमनेच रबराच्या पातळ पडद्यातून वायू जाऊ देऊन पाहिले, तेव्हा कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनच्या तेरापटींहून अधिक वेगाने पार गेला आणि हायड्रोजन साडेपाच पटींनी. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४, म्हणजे तो या तिघांत सर्वांत जड! कारण रबरात छिद्रे नसतात. वायू रबरात प्रथम विरघळतो आणि पलीकडे बाहेर पडतो. तेव्हा फुग्याचे उदाहरण या नियमासाठी देऊ नये हे उत्तम.

मग चांगले उदाहरण कोणते? माझ्या मते शेगडीचा जेट.

माझे वडील गेली बावीस वर्षे गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. रावळपाडा, केतकीपाडा आणि स्टेशनपलीकडचा कांदरपाडा हा त्यांचा मुलूख. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांच्या पिशवीत पाने, पक्कड, नळीचे तुकडे यांबरोबर पितळी जेटची एक डबी असते. जेट म्हणजे शेगडीची चावी जिथे संपते तिथला बोंडाएवढा तुकडा; त्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढे भोक असते. गॅस त्या भोकातून वेगाने सुटतो, जाताना भोवतालची हवा ओढून घेतो, आणि ते मिश्रण बर्नरमध्ये जळते. डबीत दोन कप्पे आहेत. एका कप्प्यातले जेट सिलिंडरचे, दुसऱ्यातले पाइपचे. पाइपच्या जेटचे भोक मोठे असते. घरात पाइपचा गॅस आला की शेगडी तीच राहते, पण जेट बदलावा लागतो.

मी दहावीत असताना वडिलांना विचारले होते, हलका गॅस जर लवकर बाहेर पडतो, तर त्याला भोक लहान हवे, मोठे कसे? ते म्हणाले, "गॅस पळतो भरपूर, पण त्याच्यात जीव कमी." हे उत्तर किती अचूक आहे ते मला पुढे आकडेमोड करताना कळले.

निव्वळ मिथेन आणि निव्वळ ब्यूटेन धरू. एकाच भोकातून, एकाच दाबाने सोडले तर मिथेनचा वेग ब्यूटेनच्या किती पट? ५८ भागिले १६, त्याचे वर्गमूळ : १.९. म्हणजे एक लिटर ब्यूटेन सुटतो तेवढ्या वेळात जवळजवळ दोन लिटर मिथेन सुटतो. हा झाला 'पळतो भरपूर'. पण एक लिटर ब्यूटेन जळून जी उष्णता देतो, ती एक लिटर मिथेनच्या सुमारे सव्वातीन पट असते, कारण ब्यूटेनच्या रेणूत कार्बनचे चार अणू आहेत आणि मिथेनच्या एकच. हा झाला 'जीव कमी'. १.९ ला सव्वातीनने भागले तर ०.५८ उरतात. सिलिंडरचाच जेट पाइपवर ठेवला तर शंभराच्या जागी अठ्ठावन्नच उष्णता मिळेल. प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळते, कारण घरात येणाऱ्या पाइप गॅसचा दाब सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून येणाऱ्या दाबापेक्षा काहीसा कमी असतो. सिलिंडरमध्ये प्रोपेनही असल्याने आकडा थोडा सरकतो, पण दिशा बदलत नाही. म्हणून भोक मोठे. वायूची उष्णता भागिले त्याच्या सापेक्ष घनतेचे वर्गमूळ, या संख्येला इटालियन अभियंता गोफ्रेदो वोब्बे यांच्या नावाने वोब्बे निर्देशांक म्हणतात. जगभरच्या गॅस कंपन्या एका वायूऐवजी दुसरा चालेल का, हे याच आकड्यावरून ठरवतात.

चिकित्सक वाचक येथे हरकत घेतील. जेटचे भोक रेणूंच्या मानाने अवाढव्य. त्यातून रेणू एकेकटे थोडेच जातात, ते तर झोताने जातात. मग हे निःसरण कसे? हरकत बरोबर आहे. हे ग्रॅहॅमचे निःसरण नव्हे. परंतु झोतामध्ये दाबामुळे प्रत्येक लिटर वायूला सारखीच ऊर्जा मिळते, आणि सारख्या दाबा-तापमानाला सारख्या घनफळात सारखेच रेणू असतात, हे ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये सांगितले आहे. म्हणजे जड रेणूंचा लिटर जड, हलक्यांचा हलका. ऊर्जा सारखी, वस्तुमान निराळे. पुन्हा तेच वर्गमूळ. कारणे दोन, हिशेब एक.

हा हिशेब गिऱ्हाइकाला पटवून देणे मात्र कठीण आहे. चाळ सोडून नव्या इमारतीत गेलेली कुटुंबे जुनी शेगडी बरोबर नेतात. ज्योत मंद दिसली की घरातलेच कोणी दाभणाने भोक मोठे करते. भोक वाकडे होते, हवा नीट ओढली जात नाही, ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात. याच्या उलट प्रकार अधिक घातक. पाइपवरची शेगडी गावी किंवा भाड्याच्या खोलीत सिलिंडरवर लावली की मोठ्या भोकातून उष्ण गॅसचा लोट सुटतो, हवा अपुरी पडते, आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याचा रेणुभार २८. हवेच्या जवळजवळ बरोबर, म्हणून तो वरही जात नाही, खालीही बसत नाही. आणि त्याला वास नसतो. वडील दाभण लावण्यास साफ नकार देतात. एका घरी "जेट विकायचा धंदा आहे तुमचा" असे त्यांना ऐकवले गेले. ते काही न बोलता शेगडी जशी होती तशी जोडून परत आले. त्या फेरीचे पैसेही घेतले नाहीत. मी हा लेख लिहिण्यास घेतला त्याला हेही एक कारण आहे.

आता गळतीबद्दल. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत पसरतो, पाइपचा छताकडे जातो, हे आपण ऐकतो. हे ग्रॅहॅमच्या नियमामुळे घडते असा एक समज आहे. तो बरोबर नाही. पाण्यात तेल वर येते तसा हा घनतेचा परिणाम आहे. वायू लोंढ्याने खाली किंवा वर सरकतो. मात्र तेथे पोहोचल्यावर तो हवेत किती लवकर विरतो, येथे विसरणाचा संबंध येतो, आणि बंद खोलीत ते काम अतिशय संथ असते. एकदा हवेत पुरता मिसळलेला वायू पुन्हा निवडून खाली बसत नाही, हेही खरे. नाहीतर आपण ऑक्सिजन खाली आणि नायट्रोजन वर अशा हवेत राहिलो असतो!

प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. आमच्यासारख्या खोलीत सिलिंडर ओट्याखाली असतो, ओट्याला लागून मोरी असते, आणि फ्रिज कोपऱ्यात जमिनीवर. हवेत शेकडा दोनच्या आसपास हा गॅस झाला की ठिणगी पुरते. मिथेनला शेकडा पाच लागतो. सिलिंडरमधील गॅस द्रवरूप असून त्याचा वायू झाला की सुमारे अडीचशेपट जागा व्यापतो. म्हणून सिलिंडर असलेल्या घरात जमिनीलगतची फट किंवा दार महत्त्वाचे, आणि पाइप असलेल्या घरात छताजवळचा झरोका. पाइप आला म्हणून ओट्याखालची जाळी ठेवून वरचा झरोका प्लायवूडने बंद केलेली घरे वडिलांनी पाहिली आहेत. जो वास आपल्याला सावध करतो तो या वायूंचा नसून त्यांत मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनसारख्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. वास आला की कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, पंख्याचेही नाही. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद करावी, आणि सिलिंडर असल्यास बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

जड वायू जमिनीलगत राहिला की काय होते, हे आपल्या देशाने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये पाहिले. मिथिल आयसोसायनेटचा रेणुभार ५७, जवळजवळ ब्यूटेनइतकाच. थंडीच्या रात्री तो ढग झोपलेल्या वस्तीवरून जमिनीला धरून सरकत गेला. मुंबईत जुलै २०१० मध्ये शिवडीच्या बंदर परिसरात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला, तेव्हाही अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. क्लोरीनचा रेणुभार ७१.

सध्या पाइपच्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्याचे प्रयोग चालू आहेत. गुजरातेत सुरतजवळ कवास येथे जानेवारी २०२३ मध्ये घरगुती गॅसमध्ये थोडा हायड्रोजन मिसळण्यास सुरुवात झाली. मुंबईला तो अगदीच नवा नाही. १८६५ साली येथे रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले त्यांतील कोळशाच्या गॅसमध्ये हायड्रोजनचा वाटा मोठा होता. ही बातमी मी वडिलांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला : जेट बदलावा लागणार का? आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. १६ भागिले २ चे वर्गमूळ २.८३, म्हणजे हायड्रोजन मिथेनच्या पावणेतीन पटींहून अधिक वेगाने सुटणार. लिटरमागे त्याची उष्णता मिथेनच्या एक तृतीयांशाहून थोडी कमी. गुणाकार पंच्याऐंशी ते नव्वद टक्क्यांच्या दरम्यान येतो. तेव्हा थोडा हायड्रोजन मिसळला तर तोच जेट चालावा. निव्वळ हायड्रोजन असेल तर गोष्ट निराळी : त्याची ज्योत इतक्या झपाट्याने पसरते की ती उलटी जेटपर्यंत मागे येऊ शकते, आणि त्यासाठी बर्नरच वेगळा लागतो.